बिबट्या शेजारी आहे, मग आपण कसं राहायचं?

आमच्या बचत गटाची बैठक पूर्वी संध्याकाळी सातला असायची. दिवसभराची कामं उरकून, चूल पेटवायच्या आधी सगळ्या जमायच्या. आता आम्ही ती चारला घेतो. नवीन आलेल्या एका ताईंनी विचारलं, "एवढ्या उन्हात कशाला?" त्यावर पाड्यातल्या आजी म्हणाल्या, "सातला तो निघतो. आपण चारला बसावं, म्हणजे दोघांचंही काम होतं."

तो म्हणजे बिबट्या. हसू नका, आणि घाबरूही नका. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. आमचे गट मुंबई उपनगरातले. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड या बाजूच्या पाड्यांमध्ये आणि वस्त्यांमध्ये आम्ही काम करतो. मुंबई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि लोकलची गर्दी येते. पण याच मुंबईच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याच्या पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, पूर्वेला मुलुंड, भांडुप आणि वरच्या अंगाला ठाणे. तुळशी आणि विहार हे तलाव या जंगलातच आहेत. त्याला लागूनच आरे कॉलनी. या जंगलात आणि आरेत वारली आणि इतर आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि याच जागेत बिबटेही राहतात.

तुमच्यातल्या जुन्नर, अकोले, संगमनेर, निफाडकडच्या सख्या म्हणतील, आमच्याकडे तर उसातच राहतात. अगदी बरोबर. म्हणून हा विषय एकट्या मुंबईचा नाही. माणूस आणि जंगली जनावर एका जागेत राहतात तेव्हा नेमकं काय घडतं, यावर आपल्या महाराष्ट्रात मोठा अभ्यास झाला आहे. तो इंग्रजी कागदांत पडून राहतो. ज्या बाईला पहाटे बाहेर जावं लागतं तिच्यापर्यंत तो पोचत नाही. आज तो तिच्यापर्यंत पोचवायचा आमचा प्रयत्न आहे.

धरून लांब सोडला तर?

वस्तीजवळ बिबट्या दिसला की आपण पहिली मागणी काय करतो? "पिंजरा लावा, धरा आणि लांब नेऊन सोडा." आम्हीही हेच म्हणायचो. ऐकायला सरळ वाटतं. पण जुन्नरमध्ये काय झालं ते ऐका.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात १०३ बिबटे पकडले गेले. त्यांतले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशोब मांडला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ वर गेले. शिवाय जीव जाणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. म्हणजे जे औषध म्हणून दिलं, त्यानंच आजार वाढला.

असं का व्हावं? बिबट्याची स्वतःची ठरलेली हद्द असते. कुठे पाणी आहे, कुठे लपायला जागा आहे, माणसं कोणत्या वाटेनं कधी जातात, हे त्याला पाठ असतं. त्या माहितीवर तो माणसाला टाळत जगतो. त्याला पिंजऱ्यात घातला, गाडीतून नेला आणि अनोळखी रानात सोडला, की त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो बिथरलेला असतो, वाट शोधत असतो, आणि पुष्कळदा परत आपल्या घराकडे चालू लागतो. वाटेत गावं लागतात, माणसं लागतात. इकडे त्याची मोकळी झालेली हद्दही रिकामी राहत नाही. तिथे दुसरा येतो, बहुतेक वेळा तरुण आणि त्या जागेला नवखा.

एका बिबट्यानं हे चालून दाखवलं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जागा सांगणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हा आजोबा महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालत, वस्त्या, रस्ते आणि खाडी ओलांडत थेट मुंबईच्या जंगलात आला. एवढ्या वाटेत त्यानं एकाही माणसाला धक्का लावला नाही. २०११ च्या शेवटी तो महामार्गावर गाडीच्या धडकेनं मेला. पुढे त्याच्यावर मराठी सिनेमाही आला, 'आजोबा' याच नावाचा. काहींनी पाहिला असेल.

मुंबईतही तेच वाईट दिवस येऊन गेले. २००२ ते २००४ या वर्षांत उद्यानाच्या आसपास पुष्कळ माणसं दगावली. एकट्या जून २००४ मध्ये दहाच्या आसपास बळी गेले. त्या काळात बाहेरून पकडलेले बिबटेही या उद्यानात आणून सोडले जात होते. पुढे हा प्रकार थांबवला. २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये, डॉ. अत्रेय आणि मुंबईचे नागरिक यांनी मिळून एक उपक्रम सुरू केला. बिबट्यांचा अभ्यास करायचा, आणि पाड्यांत, इमारतींत, पोलीस ठाण्यांत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन लोकांशी बोलायचं. पिंजऱ्यापेक्षा बोलण्यावर भर दिला गेला. हल्ले खूप कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत, त्याबद्दल पुढे बोलू.

मोजतात कसे, खातो काय?

आमच्या गटात एकीनं विचारलं, "बिबटे मोजतात कसे? ते काय रांगेत उभे राहतात?" तर ते असं. जंगलातल्या वाटेवर दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. जसे आपल्या अंगठ्याचे ठसे एकासारखे दुसऱ्याचे नसतात, तसे बिबट्याच्या अंगावरचे ठिपकेही. डावी कूस वेगळी आणि उजवी वेगळी, म्हणून दोन कॅमेरे. ठिपके जुळवून कोणता बिबट्या किती वेळा आला ते कळतं. २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी या पद्धतीनं मोजणी केली तेव्हा उद्यान आणि आसपास मिळून ३५ बिबटे नोंदले गेले. एवढ्याशा जागेत, एवढ्या मोठ्या शहराला लागून.

आता तो खातो काय? हे कळतं त्याच्या विष्ठेवरून. विष्ठा गोळा करून धुतात, त्यात राहिलेले केस वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून कोणत्या जनावराचे ते ओळखतात. अकोले भागात हे काम झालं. बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. आणि गंमत अशी, की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी कुत्रीच जास्त खाल्ली गेली. कारण शेळी रात्री कोंडलेली असते, राखलेली असते. कुत्रं उकिरड्यावर मोकळं फिरत असतं.

यातून आपल्या कामाची एक साखळी कळते. कचरा टाकला की कुत्री जमतात, आणि कुत्री जमली की बिबट्या येतो. मटणाच्या दुकानामागे, लग्नाच्या मांडवामागे, सोसायटीच्या भिंतीबाहेर उष्टं टाकलं, की आपण त्याला पान वाढून बोलावतोच.

आणखी एक उलटी बाजूही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला, की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारेक कुत्राचावे टळतात. हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. पण पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर काय होतं हे ज्या घरानं पाहिलंय, त्यांना याचं मोल कळेल. म्हणजे हा शेजारी नुसता घेतो असं नाही, काही देतोही.

वाघोबाशी झालेला ठराव

आता पाड्यातल्या आजींकडे वळू. त्यांनी ना कॅमेरा बांधला, ना विष्ठा धुतली. पण "सातला तो निघतो" हे त्यांना माहीत होतं. ते कुठून आलं?

वारल्यांचा देव आहे वाघोबा. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, आणि वर पुष्कळदा चंद्र-सूर्य. वारली बोलीत पट्टेरी असो की ठिपक्याचा, दोन्ही वाघच. आपण वसुबारस करतो त्या सुमाराला ते वाघबारस करतात. वाघोबाला कोंबडं किंवा बकरं देतात. रम्या नायर, डॉ. अत्रेय आणि इतर अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत फिरून वाघोबाची दीडशेहून जास्त ठिकाणं नोंदवली. लोकांशी बोलले, सणाला बसले, आणि २०२१ मध्ये ते लिहून काढलं.

वाघोबाची एक कथा सांगतात. थोडी इकडे वेगळी, थोडी तिकडे. तिचा गाभा असा. एका बाईला मूल होतं. ते वाढतं आणि वाघाचं रूप घेऊन गावातली जनावरं खाऊ लागतं. गावकरी चिडतात, त्याच्या जिवावर उठतात. तेव्हा ती आई मधे पडते. ती तोडगा काढते. त्यानं रानात राहावं, त्याला जागा द्यावी, आणि वर्षातून एकदा गावानं त्याचा वाटा द्यावा. म्हणजे बघा, भांडण मिटवणारी बाईच आहे.

आम्हाला ही कथा आवडते कारण तिच्यात वाघाचं प्रेम नाही आणि द्वेषही नाही. तिच्यात ठराव आहे. दोन शेजाऱ्यांच्या बांधाचा जसा असतो तसा. हे माझं, हे तुझं, आणि मधल्या जागेत दोघांनी जपून वागायचं. जंगलाजवळच्या लोकांनी या ठरावावर शेकडो वर्षं काढली. रात्री बोलत जायचं, हातात काठी आणि उजेड घ्यायचा, पोरांना एकटं सोडायचं नाही, हे सगळं त्या ठरावातलंच.

अभ्यासकांनीही हे अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकलं नाही. नवी समजूत जुन्या समजुतीच्या हातात हात घालून पुढे न्यावी, असंच त्यांचं म्हणणं. पण सख्यांनो, एक गोष्ट स्पष्ट बोलू. ठराव पाळायचा तर पूजेबरोबर दिवाही लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीच्या पहाटे, आरेत सव्वा-दीड वर्षाच्या एका मुलीचा बिबट्यानं जीव घेतला. त्या दिवसांत आमच्या बैठकीत कुणी पैशांचा हिशोब काढला नाही. सगळ्याजणी आपापल्या पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेव्हा कुणी आम्हाला येऊन सांगितलं असतं, की बिबटे शहराच्या फायद्याचे आहेत, तर आम्हीही ऐकून घेतलं नसतं. जुन्नर, शिरूर, आंबेगाव भागातही अलीकडच्या वर्षांत माणसं गेली आहेत. माणसांवरच वारंवार हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो, आणि ते वनखात्याचं काम आहे. पण नुसता दिसला म्हणून प्रत्येक बिबट्या धरायचा, यानं आपण सुरक्षित होत नाही, उलट होतं. जुन्नरचे आकडे तेच सांगतात.

सावध राहायचं, पण एकट्या बाईनंच का?

बिबट्या दबा धरून शिकार करतो. उभा, चालता, बोलता मोठा माणूस तो शक्यतो टाळतो. खाली बसलेलं, वाकलेलं किंवा लहान दिसणारं काही असेल तर त्याची चूक होऊ शकते. आता विचार करा, आपल्याकडे अंधारात, झुडपाजवळ, खाली कोण बसतं? शौचाला गेलेली बाई. आणि मागे मागे कोण चालतं? तिचं लेकरू.

म्हणून आमचं म्हणणं आहे, की बिबट्याचा प्रश्न हा संडासाचा आणि दिव्याचा प्रश्न आहे. आमच्या एका वस्तीत सार्वजनिक संडास होता, पण वाटेवर उजेड नव्हता. मग बाया अंधारात तिथवर जाण्यापेक्षा घरामागेच जायच्या. गटानं काय केलं? एका रविवारी बंद दिव्यांचे खांब मोजले, प्रत्येकाचा नंबर लिहून घेतला, यादी केली, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले आणि अर्ज दिला. पोचपावती घेतली. दोनदा कुणी दाद दिली नाही. तिसऱ्यांदा वीसजणी गेलो, तेव्हा दिवे लागले. अजून एक खांब बंदच आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. गावाकडच्या सख्यांनी हाच अर्ज ग्रामसभेत मांडावा. महिलांच्या ग्रामसभेत तर नक्कीच.

आता घरी आणि वस्तीत आपल्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो. गटाच्या वहीत लिहून घ्या.

एक. दिवस मावळल्यावर आणि उजाडण्याआधी लहान मुलं एकटी अंगणात, गल्लीत किंवा शौचाला जाणार नाहीत. मोठं माणूस मुलाच्या मागे चालेल, मूल मागे राहणार नाही.

दोन. अंधारात जाताना बॅटरी हवी, सोबत हवी, आणि आवाज हवा. बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा. आवाज आला की तोच वाट सोडतो.

तीन. उष्टं, मटण-मासळीचा कचरा उघड्यावर टाकू नका. घराजवळची दाट झुडपं काढा.

चार. शेळ्या, कोंबड्या, वासरं रात्री बंद गोठ्यात ठेवा. नुसतं कुंपण पुरत नाही, तो उडी मारतो आणि चढतो. वरून छप्पर, चारी बाजूंनी जाळी आणि घट्ट दार हवं. गटाचं कर्ज शेळ्यांसाठी देता, तेव्हा गोठ्याच्या जाळीचे पैसेही त्यातच धरा.

पाच. बिबट्या समोर दिसलाच, तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. लहान मूल असेल तर उचलून घ्या. त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे या. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा.

सहा. वस्तीत अडकला असेल तर गर्दी करू नका, दगड मारू नका, व्हिडिओ काढायला पुढे जाऊ नका. चारी बाजूंनी घेरलेला बिबट्याच जास्त माणसं जखमी करतो. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. तो फुकट लागतो.

सात. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, उचलून घरी नेऊ नका. आई जवळपासच असते. काम थांबवा, बाजूला व्हा, वनखात्याला कळवा. ते पिल्लं रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी गावाला महागात पडते.

आठ. जनावर मारलं गेलं, तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. भरपाई हा आपला हक्क आहे, पण पंचनाम्याशिवाय ती मिळत नाही. आणि माणसाला ओरखडा किंवा चावा असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन लागतं. हळद-चुना भरत बसू नका.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी वाचून एक ताई म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा आपणच जपायचं. पोरांना आपण, शेळीला आपण, अंधाराला आपण." खरं आहे त्यांचं. म्हणून ही यादी पुरुषांनाही वाचून दाखवा. गोठ्याचं दार लावायला आणि पोराला बाहेर न्यायला बापाचेही हात चालतात.

शेवटी एक काम सांगतो. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मधे बसवा आणि विचारा, तुमच्या लहानपणी रानातलं कोणतं जनावर कधी, कुठून यायचं? तेव्हा काय करायचे? ते लिहून घ्या. मग आजच्या वाटा, दिवे आणि संडास त्याच्या शेजारी मांडा. एवढं केलं की तुमच्या गावाचा अभ्यास झाला. मग तो अर्जाला जोडायचा.

आम्ही पुढच्या महिन्यातही चारलाच बसणार आहोत. उजेड आहे तोवर बोलून घेऊ. नमस्कार.